दिवा बदलताना : वैद्याच्या घरातील पिवळा बल्ब आणि एलईडी

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध मार्गांनी रुग्णपरीक्षण करावे, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहे. पुढे योगरत्नाकराच्या आधारे नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती ही परीक्षेची आठ स्थाने आपण मोजू लागलो. या आठांपैकी मूत्र, मल, जिव्हा, दृक् व आकृती अशा पाच ठिकाणी वर्णाचा विचार करावाच लागतो, आणि वर्ण प्रकाशावाचून दिसत नाही. ग्रंथकारांना ही गोष्ट निराळी सांगण्याचे कारण पडले नाही. त्यांच्यासमोरचा परीक्षणयोग्य प्रकाश एकच होता, तो सूर्याचा. आमच्या चिकित्सालयातील प्रकाश मात्र गेल्या वीस वर्षांत तीन वेळा पालटला. आधी पिवळा बल्ब होता, मग पीळदार सीएफएल आला आणि आता एलईडी आहे.

एलईडीने वीज वाचते, हे आता कोणास पटवून द्यावे लागत नाही. परंतु घरातला बल्ब काढून तेथे एलईडी लावताना वैद्याच्या घरात आणखी काय काय बदलते, हे आम्हांस ठेच लागल्यावर उमगले. व्यवसायबंधूंस व औषधालयांच्या चालकांस त्याचा उपयोग व्हावा म्हणून ते येथे मांडीत आहोत.

आमचे घर सिंधुदुर्ग जिल्ह्यातले, जुन्या बांधणीचे. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर. ओटीवर चिकित्सालय आणि मागील दारी औषधालयाच्या दोन खोल्या. आमचे तीर्थरूप याच ओटीवर वैद्यकी करीत. दिवेलागणीनंतर आलेल्या रुग्णाची नाडी ते पाहत, विचारपूस करीत, पण जीभ व डोळे पाहण्याची वेळ आली की म्हणत, "आज एवढे औषध न्या, उद्या सकाळी उन्हं आली की पडवीत या." पडवीत पूर्वेकडे तोंड करून एक बाक ठेवलेला असे. लहानपणी आम्हांस हा त्यांचा स्वभावातला हट्ट वाटे. पदवी घेऊन आम्ही ओटीवर बसू लागलो, तेव्हा परीक्षणाच्या मेजावर पत्र्याच्या छत्रीखाली ६० वॅटचा बल्ब टांगला आणि सायंकाळचे रुग्णही पूर्णपणे तपासू लागलो.

२००९ सालच्या श्रावणात एका सायंकाळी शेतावर राबणारा एक तरुण आईसह आला. चार दिवस अंगात कणकण, तोंडाला चव नाही, अन्नाचा वास नकोसा, अंग मोडून आलेले. आम्ही त्याच बल्बखाली जीभ पाहिली, ती साम होती. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, काही विशेष दिसले नाही. लघवी पिवळी होते असे तो म्हणाला. पावसाळ्यात पाणी कमी प्यायले जाते, म्हणून आम्ही ते तेवढ्यावर सोडले. अग्निमांद्य समजून चित्रकादी वटी दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई त्याला हाताशी धरून पडवीत उभी राहिली. "वैद्यबुवा, ह्याला काही पोटात राहत नाही," एवढेच ती म्हणाली. आम्ही ओटीवरून उठून पुढे आलो आणि त्याचे डोळे पाहिले. हळदीने माखल्यासारखे पिवळे झाले होते. नखेही तशीच.

कामलेत ज्याचे पित्त आधीच प्रकुपित, त्यास आम्ही दोन दिवस उष्ण-तीक्ष्ण द्रव्यांचा कल्प दिला होता. रक्ताची तपासणी झाली, औषध बदलले, पथ्य सांगितले आणि काही आठवड्यांनी तो बरा झाला. त्याच्या आईने आम्हांस कधी बोल लावला नाही. म्हणून तो आम्हीच स्वतःला लावून घेतला. ज्या दिवशी तो प्रथम आला, त्या दिवशीही नेत्रातला पिवळेपणा बहुधा होता. आम्ही पाहत होतो ते पिवळ्या दिव्यात.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पांढरा पदार्थ सर्व रंगांचे किरण परावर्तित करतो. पिवळा पदार्थ निळे किरण शोषून घेतो आणि उरलेले परत पाठवतो. म्हणजे पांढरे व फिकट पिवळे यांतला फरक मुख्यतः निळ्या किरणांच्या हिशेबाचा आहे. पिवळ्या बल्बमध्ये तारेचे तापमान सुमारे अडीच हजार अंश सेल्सियस असते. एवढ्या तापलेल्या तारेतून लाल-पिवळे किरण विपुल निघतात, निळे मात्र फारच थोडे. जेथे निळा प्रकाश पडतच नाही, तेथे तो कोणी शोषला आणि कोणी परतवला याचा भेद उरत नाही. शिवाय पिवळ्या दिव्याखाली सर्वच थोडे पिवळे दिसते आणि आपले मन त्याची सवय करून घेते. कामलेतील जो पीत पदार्थ नेत्रात व त्वचेत साचतो, तो बिलिरुबिन, ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश विशेषत्वाने शोषतो. नवजात बालकांच्या काविळीत निळ्या दिव्याखाली ठेवण्याची पद्धत याच गुणावर उभी आहे. ज्या प्रकाशाने तो पदार्थ विघटित होतो, त्याच प्रकाशात तो डोळ्यांस उठून दिसतो, आणि पिवळ्या बल्बमध्ये नेमका तोच नसतो. कावीळ दिवसाच्या उजेडात पाहावी, असे आधुनिक वैद्यकाच्या पुस्तकांतही सांगितलेले असते. तीर्थरूपांनी ती पुस्तके वाचली नव्हती. त्यांच्यापाशी पडवीतला बाक होता.

त्यानंतर आम्ही त्या मेजावर सीएफएल लावला. त्याच्याविषयी एकच सांगतो. या दिव्यांत काही मिलिग्रॅम पारद असतो. रसशास्त्राशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना पारदाच्या वाफेविषयी आम्ही काय सांगावे! पण तोच मनुष्य फुटलेला सीएफएल केरसुणीने गोळा करून केरात टाकताना आम्ही पाहिला आहे. असे जुने दिवे कोणाच्या माळ्यावर पडले असतील तर ते फोडू नयेत, ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावेत. चुकून फुटलाच तर खिडक्या उघडून काही काळ खोलीबाहेर जावे आणि तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलून बंद बरणीत ठेवावेत.

मग एलईडी आला. लाल रंगाचा एलईडी १९६२ पासून होता, पण पांढरा प्रकाश मिळवायचा तर निळा हवा होता, आणि तो साधायला आणखी तीस वर्षे गेली. जपानमधील इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्याच कार्यासाठी २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लगेच पुढच्या वर्षी, ५ जानेवारी २०१५ रोजी, केंद्र शासनाने स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी पोचविण्याची योजना आरंभिली. पुढे ती 'उजाला' या नावाने परिचित झाली. सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केल्याने आरंभी ३१० रुपयांस पडणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. या योजनेत छत्तीस कोटींहून अधिक बल्ब देशभर वाटले गेले. त्यांतले काही २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही रांगेत उभे राहून घेतले.

हिशेब सरळ आहे. ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर वर्षाला सुमारे ११० युनिटे लागतात. तेवढाच किंवा थोडा अधिक उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडीला साडेसोळा युनिटे पुरतात. एका दिव्यामागे वर्षाकाठी ९३ युनिटे वाचली. युनिटमागे आठ रुपये धरले, तरी एका दिव्याचे सातशे चाळीस रुपये होतात. आमच्या घरी असे सहा दिवे होते. जुन्या बल्बमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जात असे, तिच्याऐवजी प्रकाश मिळू लागला, एवढाच या बचतीचा अर्थ. भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टरवर एक बल्ब लावून बसणाऱ्या आमच्यासारख्यांना तर हे वरदानच वाटले. आम्ही एका दुपारी वायरमनला बोलावून घरातील व चिकित्सालयातील सारे दिवे बदलून टाकले.

आणि त्या महिन्यात आम्हांस गावभर पांडू दिसू लागला.

हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. सायंकाळी येणाऱ्या स्त्रियांची जीभ निस्तेज, ओठ फिकट, तळहात राखेसारखे दिसत. आम्ही एकामागून एक रुग्णांना हिमोग्लोबिनच्या तपासणीस पाठवू लागलो आणि अहवाल बहुतेक प्राकृत येऊ लागले. अखेर प्रयोगशाळेतल्या मुलाने नम्रपणे विचारले, "सर, सध्या काही शिबिर चालू आहे का?" तेव्हा आम्ही सकाळी पडवीत बसून आपलाच तळहात पाहिला, सायंकाळी मेजावरच्या दिव्याखाली पाहिला आणि उलगडा झाला. पिवळ्या बल्बने आमच्यापासून कामला लपविली होती; या पांढऱ्या दिव्याने नसलेला पांडू दाखविला.

एलईडीचा पांढरा प्रकाश सूर्याच्या प्रकाशासारखा अखंड नसतो. आत निळा प्रकाश देणारा बारीकसा कण असतो आणि त्यावर पिवळसर लेप असतो. लेपातून थोडा निळा आरपार जातो, थोड्याचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिसळून डोळ्यास पांढरे वाटते. या मिश्रणात गडद लाल किरण फार कमी पडू शकतात. आता रक्ताची लाली कशात दिसते? ओठ, जीभ, नेत्रांतील श्लेष्मकला, नखांखालचा भाग, सर्वत्र ती गडद लालच. दिव्यातच तो लाल नसेल तर निरोगी जीभही निस्तेज दिसणार.

दिव्याच्या वेष्टनावर दोन आकडे छापलेले असतात, पण दुकानात बहुतेक ग्राहक फक्त वॅट पाहतात. पहिला आकडा केल्विनमध्ये असतो. २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ४००० म्हणजे मध्यम पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतील याचा शंभरपैकी निर्देशांक. गंमत अशी की आमच्या जुन्या पिवळ्या बल्बचा सीआरआय जवळजवळ पूर्ण शंभर असतो, तरीही त्याने कामला लपविली. कारण या निर्देशांकात दिव्याची तुलना त्याच्याच जातीच्या तप्त प्रकाशाशी होते. म्हणून एकटा सीआरआय पाहून भागत नाही, केल्विनही पाहावे लागते. घरगुती एलईडीचा सीआरआय बहुधा ८० च्या आसपास असतो. तो काढताना आठ सौम्य रंगांचा विचार होतो आणि गडद लाल त्यांत धरलेला नाही. ऐंशी गुण मिळवणारा दिवा नेमक्या आपल्या विषयात नापास असू शकतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या रुग्णालयीन प्रकाशयोजनेच्या मानकात तर रुग्णाच्या अंगावरचा निळसरपणा ओळखता येतो की नाही यासाठी वेगळाच निर्देशांक ठरवलेला आहे, आणि दिव्याचा रंग ३३०० ते ५३०० केल्विनच्या दरम्यान असावा असे सांगितले आहे. फार पिवळा नको, फार निळाही नको.

आम्ही आता परीक्षणाच्या मेजावर ४००० केल्विनचा, ९० हून अधिक सीआरआयचा दिवा लावला आहे. तो साध्या बल्बच्या दुप्पट-तिप्पट किमतीस पडतो आणि प्रत्येक दुकानात मिळत नाही, मागवावा लागतो. पण चिकित्सालयात असा एकच दिवा पुरतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी एक साधा प्रयोग करावा. स्वच्छ पांढऱ्या सुती कापडावर अगदी पातळ हळदीच्या पाण्याचा एक ठिपका द्यावा, शेजारी रक्तचंदनाचा लेप लावावा आणि त्यालगत आपला तळहात धरावा. हे सर्व सकाळी नऊच्या सुमारास खिडकीपाशी पाहावे आणि रात्री दिव्याखाली पाहावे. पिवळ्या बल्बखाली हळदीचा ठिपका जवळजवळ नाहीसा होतो. हलक्या पांढऱ्या एलईडीखाली हळद झगझगते, पण रक्तचंदन मातकट होते आणि तळहात परक्याचा वाटतो. ज्या दिव्याखाली तिन्ही गोष्टी खिडकीतल्यासारख्या दिसतील तो दिवा आपला.

साठी ओलांडलेल्या वैद्यांसाठी (आम्हीही त्यांतच आलो) एक अप्रिय पण खरी गोष्ट येथेच सांगतो. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळे किरण आत कमी पोचतात. म्हणजे आपण एक पिवळा बल्ब डोळ्यांतच घेऊन फिरत असतो. शंका असेल तेथे घरातल्या एखाद्या तरुण डोळ्याला "हे पिवळे दिसते का रे?" असे विचारण्यात कमीपणा मानू नये.

औषधालयाच्या चालकांना या सर्वाचा संबंध रुग्णापेक्षा द्रव्याशी अधिक येईल. अवलेहाचा किंवा चूर्णाचा रंग मागील घाण्याशी जुळतो की नाही, हे पाहताना दोन्ही नमुने एकाच वेळी, एकाच दिव्याखाली, शेजारी शेजारी ठेवावेत. सकाळी खिडकीपाशी पाहिलेला रंग लक्षात ठेवून रात्री एलईडीखाली ताडून पाहणे फसवे असते. दोन द्रव्ये एका दिव्यात सारखी आणि दुसऱ्या दिव्यात निराळी दिसू शकतात. कापड रंगविणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते, म्हणून ते प्रमाणित दिव्यांची पेटी बाळगतात. अभ्रक भस्माच्या निश्चंद्रत्वाची गोष्ट तर आणखी नाजूक. छतात बसवलेल्या एलईडीच्या रुंद चौकोनी पॅनेलचा प्रकाश सर्व बाजूंनी मऊ पडतो, त्यामुळे उरलेली चकाकी दिसत नाही आणि भस्म सिद्ध झाले असा भ्रम होतो. चकाकी दिसण्यासाठी एका बिंदूतून येणारा तीव्र प्रकाश हवा. ही परीक्षा उन्हातच करावी. पावसाळ्यात ऊनच नसेल तर भस्माला आणखी एक पुट देण्याचा निर्णय ऊन पडेपर्यंत लांबणीवर टाकावा, दिव्याच्या भरवशावर घेऊ नये.

आता ज्या चुकीने आमचा प्रत्यक्ष माल गेला, तिच्याकडे येतो.

औषधालयात, सागवानी कपाटाच्या तळकप्प्यात, जाळीमागे ४० वॅटचा एक बल्ब जूनपासून सप्टेंबरअखेर अहोरात्र जळत असे. कोकणातील बहुतेक जुन्या वैद्यांच्या घरी ही सोय आढळेल. २०१६ च्या त्या दुपारी वायरमनने घरातील इतर दिव्यांबरोबर तोही बदलला आणि आम्ही त्याला शाबासकी दिली. अहोरात्र जळणारा बल्ब म्हणजे सर्वांत मोठी बचत, असा आमचा हिशेब होता. ऑगस्टमध्ये कपाट उघडले तेव्हा लवणभास्कर चूर्णाचा दगड झाला होता, यवक्षाराला पाणी सुटले होते आणि योगराज गुग्गुळाच्या गोळ्यांवर पांढरी बुरशी धरली होती. सर्व घाणा टाकून द्यावा लागला. त्या वर्षीची विजेची बचत त्यातच गेली आणि वर काही पदरचे गेले.

तो बल्ब उजेडासाठी नव्हताच. चाळीस वॅटची शेगडी होती ती. पावसाळ्यात आमच्याकडे हवा २६ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असणे नित्याचे. बंद कपाटातली तीच हवा ३१ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातले पाणी तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे ६७ टक्क्यांवर उतरते. चूर्णाला बुरशी धरणे आणि न धरणे यांतले अंतर जवळजवळ एवढेच असते. नऊ वॅटच्या दिव्याकडून चाळीस वॅटची ऊब मिळणार नाही, हे समजायला पदार्थविज्ञान फार लागत नाही. आम्हांस ते एक घाणा घालवून समजले. औषधागार धूर, पाऊस, वारा आणि ओल यांपासून मुक्त असावे असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी उणावते असे म्हटले, तेव्हा अशा ऋतूतल्या ओलीचाही विचार त्यामागे असावा असे आम्हांस वाटते.

मग उपाय काय? आम्ही तीन गोष्टी केल्या. ओल खेचणारी द्रव्ये, म्हणजे क्षार, लवणयुक्त चूर्णे आणि गुग्गुळकल्प, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत घातली आणि प्रत्येक बरणीत सिलिका जेलची पुडी ठेवली. पुडीतले रंगीत दाणे रंग पालटतात तेव्हा ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. कपाटात तापमान व आर्द्रता दाखवणारा छोटा मापक टांगला. तो फार महाग नसतो आणि अंदाजांपेक्षा बरा असतो. आणि तळकप्प्यात ४० वॅटचा जुना बल्ब पुन्हा बसवला, या वेळी भोवती जाळी, वर पत्र्याचे झाकण, जेणेकरून त्याचा उजेड औषधांवर पडू नये आणि कागद वा कापूस त्याला टेकू नये. कपाटातील उष्णता पस्तीस अंशांवर जाऊ लागली की तो बंद करतो, नाहीतर गुग्गुळ मऊ पडतो. मोठ्या औषधालयात या उपायाने भागणार नाही, तेथे हवेतील ओल काढणारे यंत्रच घ्यावे. विजेची बचत करणाऱ्या लेखात वीज जाळणारा बल्ब परत लावा असे सांगणे विसंगत वाटेल. पण वर्षातील चार महिने एका कपाटात जळणारा एक बल्ब हा दिवा म्हणून न मोजता औषधनिर्मितीच्या इंधनात मोजावा, असे आमचे मत आहे.

घरातल्या दिव्यांविषयी थोडक्यात. माजघरात दुधी काचेचा बंद गोळा होता; त्यात लावलेले एलईडी वर्ष-दीड वर्षात एकामागून एक गेले. जुना बल्ब आपली उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर फेकत असे. एलईडीची उष्णता थोडी असली तरी ती बुडाशी साठते, आणि तेथेच त्याचे नाजूक विद्युत-मंडल असते. बंद गोळ्यात ती कोंडते आणि दिवा मरतो. वेष्टनावर पंचवीस हजार तासांचे आयुष्य छापलेले असते, पण ते मोकळ्या हवेतले. म्हणून नुसता बल्ब न बदलता गोळाही काढून खालून उघडी असलेली छत्री बसवली; तेव्हापासून तेथला दिवा टिकून आहे. पिनांचे जुने होल्डर आतून काळे पडलेले असतील तर तेही त्याच वेळी बदलावेत. ज्या बटणांत अंधारात दिसण्यासाठी लाल ठिपका असतो, तेथे एलईडी बंद केल्यावरही मंद उजळत राहतो. घरातल्या मंडळींनी त्यावरून आम्हांस बरेच प्रश्न विचारले, पण तो दोष दिव्याचा नसून त्या ठिपक्यातून झिरपणाऱ्या विजेचा आहे. पंख्याच्या रेग्युलेटरसारख्या मंद करण्याच्या बटणावर साधा एलईडी लावू नये, तो फडफडतो. देवघरात समई होती, ती आहे.

निजण्याच्या खोल्यांविषयी मात्र थोडे थांबून सांगावेसे वाटते. चरकाचार्यांनी निद्रेला आहार व ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने शरीराचा उपस्तंभ मानले आणि रात्रीच्या जागरणाने रूक्षता वाढते असे सांगितले. डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी असतात, ज्यांचे काम पाहणे हे नसून दिवस आहे की रात्र हे शरीरास कळविणे हे असते. त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाने सर्वाधिक उत्तेजित होतात आणि निद्रेला साहाय्यक अशा मेलाटोनिनचे स्रवण मंदावते. निजण्याच्या खोलीत ६५०० केल्विनचा दिवा लावून रात्री अकरापर्यंत बसणे म्हणजे शरीराला दुपार झाली असे सांगणे. एलईडीने डोळे जातात अशी भीतीही काही रुग्ण बोलून दाखवतात. घरगुती दिव्याच्या नेहमीच्या वापराने तसे होते असे मानण्यास आधार नाही, हे त्यांना समजावून सांगावे. पण निजण्याच्या खोलीत २७०० केल्विनचा, कमी वॅटचा, डोळ्यांत थेट न येणारा दिवा लावा, हे सांगणे आमच्या अनिद्रेच्या रुग्णांच्या पथ्यात आता असते. दिनचर्येविषयी आपण इतके बोलतो, त्यात ही एक ओळ सहज सामावते.

सध्या आमच्याकडची मांडणी अशी आहे : मेजावर ४००० केल्विनचा चांगल्या रंगाचा एक दिवा, औषधालयात तशाच जातीचे दोन, स्वयंपाकघर व पडवीत साधे पांढरे, निजण्याच्या खोल्यांत पिवळसर, आणि कपाटात पावसाळ्यापुरता तो ४० वॅटचा. शेवटचा हा बल्ब मिळणे आता अवघड होत चालले आहे. गेल्या मे महिन्यात आम्हांस तीन दुकाने हिंडावी लागली, तिसऱ्या दुकानदाराने फळीमागून धूळ खात पडलेला खोका काढला आणि "कोंबड्यांसाठी का?" असे विचारले. आम्ही सहाच्या सहा घेतले. ते संपल्यावर काय करावे याचा विचार चालू आहे. पावसाळी मुलखातील ज्या व्यवसायबंधूंनी बल्बावाचून क्षार व गुग्गुळकल्प कोरडे राखण्याची काही सोय केली असेल, त्यांनी ती कपाटाच्या मापासह व आर्द्रतेच्या नोंदीसह संपादकांकडे अवश्य लिहून पाठवावी.

पडवीतील बाकाची जागा बदललेली नाही. सायंकाळी आलेल्या ज्या रुग्णाविषयी नव्या दिव्याखालीही शंका राहते, त्यास आम्ही एवढे औषध घेऊन जावयास सांगतो आणि उद्या सकाळी उन्हं आली की पुन्हा बोलावतो.